गोलंदाजीची मजुरी : बाळू पालवणकर यांच्या कारकिर्दीची प्रस्तावना

इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १८८५ साली पैसे घेऊन खेळणाऱ्यांना अधिकृत मान्यता दिली आणि १९०१ पासून त्यांच्या वेतनाला आठवड्याला चार पौंडांची कमाल मर्यादा घातली. या बंधनावर खेळाडू चिडले, १९०७ साली मँचेस्टरमध्ये त्यांनी आपली संघटना उभारली, मालकांशी भांडण मांडले. मर्यादा उठायला १९६१ साल उजाडले. या सगळ्या व्यवहारातून एक गोष्ट सहज घडली : विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रज फुटबॉलपटूचे चरित्र लिहिणाऱ्याला कागद मिळतात. करार किती वर्षांचा, पगार किती, एका क्लबने दुसऱ्याला किती रक्कम मोजून खेळाडू घेतला, हे सारे नोंदलेले असते. त्याच वर्षांत मुंबई-पुण्याच्या मैदानांवर एक माणूस चेंडूच्या बळावर आयुष्य उभे करत होता आणि त्याच्या कामाला कोणत्याही संघटनेने तसे नाव दिले नव्हते. तो फुटबॉल खेळत नव्हता, क्रिकेट खेळत होता. कारण आपल्याकडे फुटबॉल तेव्हा मुख्यतः गोऱ्या पलटणींचा खेळ होता. १८९१ साली मुंबईत सुरू झालेला रोव्हर्स चषक पहिल्यांदा एका भारतीय संघाच्या हाती लागला तो १९३७ साली. एतद्देशीयांना गोऱ्यांशी बरोबरीने भिडण्याचे मैदान क्रिकेटने दिले आणि त्या मैदानावरचा पहिला मोठा कारागीर म्हणजे बाळू पालवणकर. पुढच्या पानांतली त्यांची कारकीर्द आधी एका कष्टकऱ्याची कारकीर्द म्हणून वाचावी आणि मग बाकी सर्व, एवढेच मागणे या प्रस्तावनेत मांडायचे आहे.

बाळूंकडे आजवर दोन बाजूंनी पाहिले गेले. पहिली बाजू आकड्यांची. डावखुऱ्या संथ फिरकीने त्यांनी प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी घेतले, सरासरी १५.२१. दुसरी बाजू सामाजिक कथेची : चर्मकार कुटुंबात जन्मलेला मुलगा, पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा पिणारा खेळाडू, आणि अखेर सवर्णांनाही ज्याची थोरवी मान्य करावी लागली असा वीर. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पण या दोहोंच्या मधला एक मोठा तुकडा निसटतो. हे कौशल्य आले कुठून, ते कोणाच्या वेळेत आणि कोणाच्या पैशावर घडले, पोट कशावर भरत होते आणि त्या कौशल्याच्या जोरावर माणूस किती पायऱ्या चढू शकत होता, हे प्रश्न आकडे विचारत नाहीत. गौरवकथाही विचारत नाही, कारण तिला प्रतिभा आणि अन्याय एवढी दोनच पात्रे पुरतात. रोजच्या कामाचे तिथे काही काम नसते. मला वाटते, बाळूंच्या आयुष्याची किल्ली नेमकी त्या रोजच्या कामात आहे.

बाळूंचा जन्म धारवाडचा. कुटुंब मूळचे कोकणातले, पालवण गावचे. आडनाव तिथून आले. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे मुलगा पुण्याच्या छावणीच्या परिसरात वाढला आणि साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर भावासोबत खेळू लागला. पहिली नोकरी पारशी मंडळींच्या क्लबात, महिना तीन रुपयांवर. काम मैदान झाडण्याचे, खेळपट्टीवर रोलर फिरवण्याचे. तिथून ते गोऱ्यांच्या पूना जिमखान्यावर गेले. पगार एका रुपयाने वाढून चार झाला. विनिमयाचा त्या काळातला सरकारी दर धरला तर इंग्रज फुटबॉलपटूची आठवड्याची कमाल मर्यादा साठ रुपये होते. पण दोन देशांतले भाव आणि गरजा निराळ्या असल्याने ही तुलना फार ताणू नये. लक्षात घ्यायचे ते कामाचे स्वरूप. रोलर ओढणे, रेषा आखणे, जाळी उभारणे, आणि या यादीच्या शेवटी आणखी एक काम : साहेब फलंदाजीचा सराव करतील तेव्हा त्यांना गोलंदाजी टाकणे. कॅप्टन ग्रेग हा तिथला नामांकित फलंदाज. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देईन, असे त्याने बाळूंना सांगितल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. गोष्ट अक्षरशः खरी मानली तर तो उक्त्या कामाचा दर होतो, आणि महिन्यातून आठ वेळा ग्रेग बाद झाला की पगाराइतकी वरकमाई. तासन्‌तास, दिवसामागून दिवस, उत्तम फलंदाजासमोर चेंडू टाकत राहणे हे कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा मोठे प्रशिक्षण होते. ते कोणी बाळूंना दिले नव्हते. ते त्यांच्याकडून करून घेतलेल्या मजुरीतून उरले होते.

त्या जाळीत बाळूंच्या हाती बॅट मात्र दिली गेली नाही. फलंदाजी साहेबांची, गोलंदाजी नोकराची, अशी ती वाटणी होती. इंग्लंडमध्येही ती थोडीफार अशीच होती. तिथे हौशी सभ्य गृहस्थ आणि पैसे घेणारे खेळाडू यांची दारे वेगळी, कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, धावफलकावर नाव लिहिण्याची रीतही वेगळी. आणि गोलंदाजीचे ओझे बहुतेक पैसे घेणाऱ्यांच्या खांद्यावर. बाळूंची तुलना त्या काळी विल्फ्रेड ऱ्होड्सशी केली जाई. ती तुलना पुढे नेली तर बरेच काही हाती लागते. ऱ्होड्सही डावखुरा संथ गोलंदाज, वयानेही बाळूंच्या जवळचा, यॉर्कशरचा पगारी खेळाडू. तो तळाचा फलंदाज म्हणून इंग्लंडच्या संघात आला आणि १९११-१२ च्या दौऱ्यात मेलबर्नला हॉब्जबरोबर सलामीला जाऊन त्याने ३२३ धावांची भागीदारी केली. मजूर म्हणून शिरलेल्या माणसाला बॅट हाती घेऊन वर चढण्याची वाट तिथे निदान किलकिली होती. बाळूंची फलंदाजीची सरासरी चौदाच्या आत राहिली. ‘त्यांना फलंदाजी येत नव्हती’ असा याचा अर्थ लावणे सोपे आहे, पण त्यांच्या घरातच त्याला उत्तर आहे. धाकटे भाऊ शिवराम आणि विठ्ठल नावाजले ते फलंदाज म्हणून. एकाच घरातला थोरला भाऊ गोलंदाज आणि धाकटे फलंदाज, हा निव्वळ रक्ताचा खेळ मानता येत नाही. थोरल्याने मैदानात प्रवेश मिळवला तो नोकर म्हणून. धाकटे आले ते त्या थोरल्याचे भाऊ म्हणून, खेळाडू म्हणून. कोणाच्या हाती बॅट पडायची, हे मैदानात पाऊल टाकताना ठरत होते.

गोऱ्यांना घाम फोडणारा हा गोलंदाज पुण्याच्या हिंदू क्लबला हवा झाला, तेव्हा क्लबात वाद माजला. शेवटी बाळूंना संघात घेतले. मैदानावर सारे एकच चेंडू हाताळत. चहाच्या वेळी बाळूंचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात, आणि जेवण वेगळ्या ताटात. इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो : काही असो, मैदानाने समता दिली ना? खेळाने जे साधले ते सभा-ठरावांनी साधले नसते. या म्हणण्यात तथ्य आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी बाळूंचा जाहीर सत्कार केला, आणि १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांवर मिळवलेल्या विजयानंतर ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ने त्यात जातिभेद ढिले होण्याची खूण पाहिली, ते उगाच नव्हे. पण समतेची सीमा नेमकी कुठे आखली होती तेही पाहिले पाहिजे. चेंडू हातात असेपर्यंत विटाळ नव्हता. चेंडू खाली ठेवला की विटाळ परत येई. म्हणजे स्वीकारले गेले होते ते श्रम, श्रम करणारा माणूस पंक्तीबाहेरच होता. हे क्रिकेटने शोधून काढलेले नाही. धान्य पिकवणाऱ्याचे धान्य चालते, जोडे शिवणाऱ्याचे जोडे चालतात, ही गावगाड्याची जुनी रीत पांढऱ्या कपड्यांत उभी राहिली, इतकेच. मैदानाची समता खरी होती, पण ती कामाच्या तासांपुरती होती.

पुण्यात प्लेग आला आणि बाळू मुंबईला गेले. तिथे ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले आणि बीबीसीआय रेल्वेत नोकरीला लागले. त्या रेल्वेच्या संघाकडूनही खेळले. त्यांच्या कारकिर्दीतला हा सर्वात महत्त्वाचा आणि सर्वात कमी चर्चिलेला टप्पा आहे. मावळातल्या वाचकाला तो समजावून सांगावा लागणार नाही. खंडाळा ते पुणे लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला, बोरघाट १८६३ साली जोडला गेला आणि लोणावळा हे गाव रेल्वेभोवती वाढले. घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा देणारी इंजिने, ड्रायव्हर, फायरमन, पॉइंट्समन, गँगमन, त्यांच्या चाळी आणि बंगले अशी सगळी उतरंड इथे डोळ्यांसमोर उभी होती. रेल्वेत वरच्या जागा गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियनांच्या, हे खरे. पण महिनाअखेरीला हाती पडणारा रोख पगार बलुत्यावर अवलंबून नव्हता आणि गावच्या पाटलाच्या मर्जीवरही नव्हता. हीच गोष्ट बाळूंना चार रुपयांच्या नोकरीपासून दूर घेऊन गेली. जिमखान्यावर खेळ हा त्यांच्या चाकरीचा भाग होता. रेल्वेत चाकरी हा त्यांच्या खेळाचा आधार झाला. बोरघाटाच्या लोहमार्गाने मुंबई आणि पुणे ही एकाच क्रिकेट-हंगामाची दोन टोके बनवली आणि मधल्या मावळावरून खेळाडू, प्रेक्षक, वर्तमानपत्रे ये-जा करू लागली. पुढे रेल्वे, पोलीस, बँका यांनी खेळाडूंना नोकऱ्या देण्याची जी पद्धत देशभर रुजली, तिच्या मुळाशी गेले तर बाळूंसारख्यांचा हा सौदा सापडतो : पगार कारकुनीचा, अपेक्षा बळींची.

यावर काटेकोर वाचक म्हणेल की हा ओढूनताणून लावलेला अर्थ आहे. ज्याच्याकडे खेळण्याचा करार नाही, ज्याला सामन्याचा मोबदला ठरवून मिळत नाही, त्याला व्यावसायिक म्हणणे म्हणजे इंग्रजी चौकट आपल्या मातीवर लादणे. याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की शरीराच्या कौशल्यावर पोट भरणे आपल्याकडे इंग्रजांनी आणले नाही. मावळच्या कोणत्याही जत्रेत कुस्त्यांची दंगल असते, शेवटच्या कुस्तीचे इनाम आधी जाहीर होते आणि ते कोण नेणार यावर गावे पैजा मारतात. शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना खुराक आणि आश्रय दिला आणि त्यांच्यासाठी १९१२ साली खासबागचे मैदान खुले झाले. पहिलवानाने इनाम घेतले म्हणून त्याला कोणी हलका लेखत नसे. खेळ आणि पैसा यांत विटाळ मानणारी हौशी खेळाची कल्पना हीच खरी परदेशी, आणि ती ज्यांना पैशाची ददात नव्हती त्यांच्या सोयीची. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. करार नसणे हा त्या व्यवस्थेचा गुणधर्म होता, बाळूंच्या कामाचा नव्हे. करार नसल्यामुळेच त्यांना काढणे, वगळणे, मागे ठेवणे सोपे गेले. इंग्रज फुटबॉलपटूला चार पौंडांवर भांडता आले, कारण चार पौंड कागदावर होते. बाळूंना भांडायला आकडाच नव्हता.

१९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावा, युरोपियनांच्या १९१ आणि १०२; बाळूंचे आठ बळी, आणि संघात शिवरामही. पाच वर्षांनी पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा कर्णधार होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. इंग्लंडच्या राजाच्या राज्यारोहण समारंभाच्या त्या वर्षी महाराजांना लंडनच्या दरबारी मंडळींत अधिक रस होता. ते मोजकेच सामने खेळले. खांदा दुखत असतानाही बाळूंनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४, केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ. संघाने २३ पैकी सहा सामने जिंकले. एका टोकाला संघाचे नाव आणि खर्च वाहणारा राजा, दुसऱ्या टोकाला षटकांचे ओझे वाहणारा रेल्वेचा नोकर. या दोघांमध्ये क्रिकेटची कामाची वाटणी जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच कुठे दिसेल. याच १९११ साली लोणावळ्याच्या परिसरात टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू झाले. वळवण आणि शिरोत्याची धरणे बांधणाऱ्यांचा उल्लेख त्या प्रकल्पाच्या कहाणीत ‘मजूर’ एवढाच येतो. बाळूंचे नाव राहिले, कारण त्यांच्या श्रमाचा धावफलक दुसऱ्या दिवशी छापून येत होता. त्यांच्यासारखे रोलर ओढणारे, जाळीत चेंडू टाकणारे बाकीचे मात्र त्या धरणांवरच्या मजुरांसारखेच निनावी राहिले. त्या अनेकांपैकी नोंद उरलेला एक, असे बाळूंकडे पाहिले की कारकिर्दीचे खरे मोल कळते.

कर्णधारपदाच्या प्रश्नावर ही सारी मांडणी कसाला लागते. १९१३ साली एम. डी. पै यांना हिंदू संघाचे कर्णधार केले, तेव्हा हा मान आपल्यापेक्षा ज्येष्ठ आणि अनुभवी असलेल्या बाळूंचा होता, असे त्यांनी स्वतःच जाहीरपणे म्हटले. १९२० साली पै आजारी पडल्यावर कर्णधारपद दि. ब. देवधर यांच्याकडे गेले आणि बाळूंना संघातूनच वगळले. शिवराम आणि विठ्ठल यांनी निषेध म्हणून संघाबाहेर राहण्याचा निर्णय घेतला आणि आपली बाजू जाहीर मांडली. जनमत इतके फिरले की त्या वर्षीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी पै परतले, बाळू उपकर्णधार झाले, भाऊ संघात आले, आणि पैंनी काही काळ मैदान सोडून बाळूंना संघाचे नेतृत्व करू दिले. १९२३ साली विठ्ठल रीतसर कर्णधार झाले आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवले. देवधरांच्या गुणवत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न निवडणाऱ्यांचा आहे. आणि या १९२० च्या प्रसंगाला नुसता स्वाभिमानाचा प्रसंग म्हणून आपण त्याची धार बोथट करतो. खेळायला नकार देणे म्हणजे श्रम रोखून धरणे. ज्यांच्याकडे करार नव्हता, संघटना नव्हती, त्यांनी हाती असलेले एकमेव हत्यार वापरले आणि ते चालले. विठ्ठल यांनी पुढे १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले, म्हणून या घराण्याचा आवाज आपल्यापर्यंत पोचतो. थोरल्या भावाची बाजू आपल्याला बहुतेक इतरांच्या तोंडून ऐकावी लागते.

आता सर्वात वजनदार आक्षेप. ऱ्होड्स यॉर्कशरचा कर्णधार झाला नाही. इंग्लंडच्या कसोटी संघाला हटन हा पगारी कर्णधार लाभला तो १९५२ साली. मग बाळूंना डावलणे हा वर्गभेद होता, जातिभेद नव्हे, असे का म्हणू नये? कारण दोन्ही भेद एकमेकांत विणलेले असले तरी त्यांचा पीळ सारखा नाही. ऱ्होड्ससमोरची भिंत त्याच्या पेशामुळे होती. तो पेशा सोडून ऑफिसात बसला असता तर भिंतही मागे राहिली असती. बाळू रेल्वेत गेले, पुण्याहून मुंबईला गेले, विलायतेला जाऊन आले. भिंत त्यांच्याबरोबर चालत गेली. याला जवळचे उदाहरण इंग्लंडमध्येच आहे. वॉल्टर टल हा कृष्णवर्णीय फुटबॉलपटू १९०९ साली टॉटनहॅमकडून खेळू लागला. त्याचा करार होता, पगार होता, आणि तरीही त्याच वर्षी ब्रिस्टॉलच्या प्रेक्षकांनी वर्णावरून त्याची नालस्ती केली. तो पुढे नॉर्दम्प्टनला गेला आणि १९१८ साली महायुद्धात मारला गेला. पेशाची कागदपत्रे माणसाला मोबदला मिळवून देतात, प्रतिष्ठा मिळवून देतातच असे नाही. म्हणून मी जातीचा प्रश्न श्रमाच्या प्रश्नात विरघळवत नाही. जात ही श्रमाची अशी वाटणी आहे की जिच्यात काम बदलले तरी कामकऱ्याची पायरी बदलत नाही. आणि हे मैदानावर जितके मोजून दाखवता येते तितके इतरत्र येत नाही, कारण तिथे गुणवत्तेचा आकडा सर्वांसमोर असतो.

या प्रकाशात बाळूंचे उत्तरायुष्यही जरा वेगळे दिसते. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ साली ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध मुंबईतून उभे राहिले आणि पडले. आंबेडकरांना १३,२४५ मते, बाळूंना ११,२२५. अनेक अभ्यासकांना यात एका मोठ्या माणसाचा झालेला वापर दिसतो, आणि तो आरोप निराधार नाही. तरी त्यामागचा तर्क त्यांच्या कारकिर्दीतच शोधता येतो. त्यांनी आयुष्यात जे मिळवले ते सवर्णांच्या संस्थांत शिरून, तिथे अपरिहार्य बनून आणि संयमाने वाट पाहून मिळवले होते. राजकारणातही तीच वाट धरावी, असे त्यांना वाटले असेल तर नवल नाही. पण अपरिहार्य बनण्यासाठी असामान्य असावे लागते, आणि कोट्यवधी सामान्यांना ती वाट खुली नसते. आंबेडकरांची मागणी असामान्यांसाठी नव्हती. बाळूंची कारकीर्द आंबेडकरांचे म्हणणे खोडत नाही. उलट इतका मोठा गोलंदाजही कर्णधार होऊ शकत नसेल तर बाकीच्यांनी केवळ गुणांवर भिस्त का ठेवावी, हा प्रश्न तीच उभा करते.

१९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापले आणि शरीराची साधना हा शास्त्राचा विषय केला. शरीराकडे असे आदराने पाहण्याची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. त्या आदराला पगाराचा, नोकरीचा आणि निवडीच्या अधिकाराचा हिशेब जोडणे एवढेच काम उरते. वडगाव, तळेगाव, कामशेतच्या मैदानांवर धावणारी मुले-मुली आजही भरतीची जाहिरात डोळ्यांपुढे ठेवून धावतात, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पुढची पाने वाचताना प्रत्येक बळीमागे तीन प्रश्न विचारावेत : हा चेंडू टाकण्याचा सराव कोणाच्या वेळेत झाला, त्या दिवसाची मजुरी कोणी दिली, आणि संघ निवडणाऱ्या खोलीत कोण बसले होते. बाळूंनी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या हाताने बदलली. तिसऱ्याचे उत्तर बदलण्यासाठी त्यांच्या भावांना खेळ थांबवावा लागला. खेळाच्या इतिहासात गुणवत्तेला किती आणि संघटित नकाराला किती श्रेय द्यायचे, याचा निवाडा या एका घराण्याच्या कहाणीत पुरेसा स्पष्ट आहे.